पेरोव्स्काइटची गोळी भाजायची आहे? आधी हवा कोणती ते ठरवा

धान निघालं की आमच्या तुमसर तालुक्यात जागोजागी वीटभट्ट्या लागतात. तिथली एक भाजलेली वीट उचला आणि मधोमध फोडा. कडेचा भाग लाल, गाभ्यात बऱ्याचदा काळसर पट्टा. माती तीच, भट्टी तीच, तापही जवळपास तोच. फरक एवढाच की कडेला हवा पोचली आणि गाभ्यापर्यंत पुरेशी पोचली नाही. कडेच्या लोखंडाला पोटभर ऑक्सिजन मिळाला म्हणून ते लाल झालं. आत मातीतला काडीकचरा जळताना होता नव्हता तेवढा ऑक्सिजन त्यानंच खाल्ला, आणि लोखंड उपाशी राहिलं. कुंभार काळं मडकं काढतो ते याच युक्तीनं. शेवटी भट्टीचं तोंड लिंपायचं आणि आत धूर कोंडायचा.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी एमएस्सीची दोन-चार मुलं प्रकल्पासाठी पेरोव्स्काइट घेऊन येतात आणि दरवर्षी तोच संवाद होतो. वहीत लिहिलेलं असतं, "११०० अंश, ६ तास." मी विचारतो, "कशात?" उत्तर येतं, "सर, फर्नेसमध्ये." फर्नेसमध्ये हे मलाही दिसतं. माझा प्रश्न असतो तो कोणत्या हवेत, असा. पेरोव्स्काइट ऑक्साइडच्या बाबतीत हवा न लिहिता लिहिलेलं तापमान हे पिनकोड नसलेल्या पत्त्यासारखं आहे. पोचेलही, नाही पोचलं तर तक्रार करता येत नाही. हा लेख अशा नव्या मुलांसाठी आहे. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी घर बघून घ्या

पेरोव्स्काइट हे मूळ एका खनिजाचं नाव, कॅल्शियम टायटनेटचं. उरल पर्वतातल्या नमुन्यावरून गुस्ताव रोझ यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि रशियातले खनिजप्रेमी अधिकारी लेव्ह पेरोव्स्की यांचं नाव त्याला दिलं. आज त्याच घडणीच्या सगळ्या कुटुंबाला हे नाव लागतं.

एक घन डोळ्यासमोर आणा. आठही कोपऱ्यांवर मोठा धनायन बसला आहे: बेरियम, स्ट्रॉन्शियम, लँथॅनम, शिसं यांच्यापैकी कोणी. याला ए-जागा म्हणायचं. घनाच्या पोटात मधोमध छोटा धनायन: टायटॅनियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट. ही बी-जागा. सहा बाजूंच्या मधोमध एकेक ऑक्सिजन. म्हणजे बी-वाल्याभोवती सहा ऑक्सिजन, आणि शेजारची घरं धरली तर ए-वाल्याभोवती बारा.

या घराची खोड अशी की ऑक्सिजनचे काही आयन निघून गेले तरी भिंती पडत नाहीत. तापमान वाढलं आणि बाहेर ऑक्सिजन कमी असला, की दोन ऑक्सिजन आयन एकत्र येऊन वायू बनून उडून जातात. मागे दोन रिकाम्या जागा राहतात, आणि प्रत्येक आयनामागे दोन इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन कोण घेतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. टायटॅनियमचा धनभार ४ चा ३ होतो, मँगनीजचाही ४ चा ३, कोबाल्टचा ३ चा २. रंग बदलतो, विजेचा रोध बदलतो. बी-आयन इलेक्ट्रॉन घेऊन किंचित फुगतो, म्हणून जाळीही फुगते. आणि उरलेले ऑक्सिजन आयन त्या रिकाम्या जागांतून उड्या मारत आतबाहेर करू शकतात.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. ऑक्सिजन थोडा गेला आणि घर शाबूत राहिलं, ही एक गोष्ट. ऑक्सिजन इतका गेला की घरच मोडून दोन वेगळे पदार्थ झाले, ही दुसरी. पहिलीत हवेत परत तापवलं की गोळी बरीचशी पूर्ववत होते. दुसरीत गोळी बहुधा भुगा होऊन हातात येते.

पायरी १: पदार्थ कुठे मोडतो ते आधी बघा

ए-जागेवर लँथॅनम असलेल्या कुटुंबात कमी ऑक्सिजन सोसण्याची उतरंड ठरलेली आहे; नावं बी-जागेवरच्या धातूवरून. क्रोमाइट (क्रोमियमवालं) सगळ्यात चिवट. त्याखाली फेराइट (लोहवालं), मग मँगनाइट, मग बरंच खाली कोबाल्टाइट, आणि तळाला निकेलेट. निकेलेट तर साध्या हवेतच जास्त ताप दिला की फुटतो. कोबाल्टाइट १००० अंशांवर हवेत मजेत राहतो, पण ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायूच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) साधारण १० चा उणे ७ वा घात इतक्या ॲटमॉस्फिअरवर आला की त्याचं घर मोडायला लागतं. मँगनाइट त्याच तापाला उणे १५ च्या आसपासपर्यंत टिकतो. आमच्या प्रयोगशाळेत "घात" वगैरे कोणी म्हणत नाही, नुसतं "उणे सात", "उणे पंधरा" म्हणतात. मीही पुढे तसंच लिहितो.

टायटनेट आणि झिर्कोनेट यांचं घर सहसा मोडत नाही, ते फक्त ऑक्सिजन सोडून रंग आणि रोध बदलतात. म्हणून पहिल्या वर्षाला मी बेरियम टायटनेटच देतो. चूक झाली तरी गोळी जिवंत राहते आणि चूक रंगानं दाखवते.

शिसं, बिस्मथ, पोटॅशियम, सोडियम असलेले पदार्थ नवख्यानं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ऑक्सिजनच्या आधी ए-जागेवरचा गडीच उडून जातो. झाकण बंद करून, भोवती त्याच जातीची भुकटी भरून भाजावं लागतं. शिशाची वाफ फर्नेसच्या विटांत बसते, आणि श्वासात जाते ते वेगळंच.

पायरी २: सिलिंडर न लागणारा पहिला प्रयोग

आमच्या तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. काळ्या दगडांचे ट्रक मुलांनी लहानपणापासून बघितलेले असतात. म्हणून सुरुवात मँगनीजनं. खाणीतला दगड मात्र वापरू नका, त्यात लोह आणि सिलिका असतं. बाटलीतलं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड घ्या. हा पेरोव्स्काइट नाही, पण ऑक्सिजन कसा सुटतो ते शिकवायला याच्याइतका स्वस्त मास्तर मिळणार नाही.

रिकामी मूस तापवून, थंड करून तोला. त्यात ५.००० ग्रॅम कोरडी भुकटी घाला. ६०० अंशांवर चार तास ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद बरणीत) थंड करा, पुन्हा तोला. सगळं मँगनीज ४ चं ३ झालं असेल तर ४.५४ ग्रॅम भरेल. आता तीच मूस १००० अंशांवर न्या. आणखी ऑक्सिजन सुटून ४.३९ ग्रॅमच्या जवळ यायला हवं, आणि काळी भुकटी लालसर तपकिरी झालेली दिसेल. यासाठी ना हायड्रोजन लागला ना नायट्रोजन. साध्या हवेत, नुसत्या तापानं ऑक्सिजन गेला.

खरी मजा पुढे आहे. ही तपकिरी भुकटी एकदा फर्नेसमधून पटकन बाहेर काढा आणि दुसऱ्यांदा फर्नेसमध्येच सावकाश थंड होऊ द्या. दुसऱ्या वेळी थंड होताना ती थोडा ऑक्सिजन परत ओढू शकते, आणि वजन वेगळं येतं. ज्याला हे दोन आकडे का वेगळे आले ते सांगता येईल, त्यानंच पुढची पायरी वाचावी.

पायरी ३: वजन, इथेच बहुतेकांचं बिनसतं

बेरियम टायटनेट १० ग्रॅम हवं असेल तर बेरियम कार्बोनेट ८.४६३ ग्रॅम आणि टायटॅनियम डायऑक्साइड ३.४२५ ग्रॅम. दोन्ही आदल्या रात्री ओव्हनमध्ये वाळवून घ्या. बेरियम कार्बोनेट विषारी आहे; पूर्वी उंदरांच्या औषधात ते घालत. हातमोजे घाला, मास्क लावा आणि त्याच टेबलावर डबा उघडून जेवू नका. हसू नका, मी असे डबे उघडलेले बघितले आहेत.

लँथॅनमचं दुखणं वेगळं. लँथॅनम कोबाल्टाइट १० ग्रॅम करायचं तर लँथॅनम ऑक्साइड ६.६२७ ग्रॅम आणि कोबाल्ट ऑक्साइड (तीन कोबाल्ट, चार ऑक्सिजनवालं) ३.२६५ ग्रॅम. कागदावर हे बिनचूक आहे. पण लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी पिऊन हायड्रॉक्साइड होतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच पांढरी भुकटी. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली भुकटी १० ग्रॅम तोलली तर त्यात ऑक्साइड असतं ८.५८ ग्रॅमच. म्हणजे तुमच्या ६.६२७ ग्रॅममध्ये जवळजवळ ९४० मिलिग्रॅमचा खड्डा.

या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. जुलैचा महिना होता, आठवडाभर झड लागलेली, भिंतींना ओल आलेली. बाटली आदल्या उन्हाळ्यात उघडलेली. मी तोललं, खलात घोटलं, भाजलं आणि नमुना एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकाची घडण तपासायला) नागपूरला पाठवला. आलेखात लँथॅनम कोबाल्टाइटच्या शेजारी कोबाल्ट ऑक्साइडची शिखरं अशी उभी होती की नाकारायला जागा नव्हती. तरीही मी दोन आठवडे भट्टीला दोष देत राहिलो, ताप कमी पडला म्हणून. ताप बरोबर होता. चूक बाटलीत होती.

तेव्हापासूनचा नियम असा: लँथॅनम ऑक्साइड ९०० ते १००० अंशांवर काही तास भाजायचं, फर्नेस दोन-अडीचशे अंशांवर आली की चिमट्यानं मूस काढून थेट डेसिकेटरमध्ये ठेवायची, आणि थंड होताच तोलायचं. चहा पिऊन येऊन नाही. डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल गुलाबी झालेलं असेल तर तो डेसिकेटर नाही, नुसती काचेची बरणी आहे.

पायरी ४: भाजणं आणि गोळी

यात फार सांगण्यासारखं नाही. अगेटच्या खलात ॲसिटोन घालून घोटा, हात दुखेपर्यंत आणि मग थोडं आणखी. बेरियम टायटनेटचं मिश्रण १००० ते ११०० अंशांवर भाजा. कार्बन डायऑक्साइड पूर्ण निघून गेला असेल तर वजन १५.९ टक्क्यांनी घटलं पाहिजे. १२ टक्केच घटलं असेल तर एक्सआरडीला पैसे घालवू नका, पुन्हा घोटून पुन्हा भाजा. मग दाबयंत्रात गोळी करा आणि हवेत १३०० च्या आसपास सिंटर करा, म्हणजे कण एकमेकांना चिकटून गोळी घट्ट होईल अशी भाजा. गोळी थेट मुशीवर ठेवू नका; ॲल्युमिनाला बेरियम चिकटतं. खाली त्याच भुकटीचा पातळ थर पसरा. चांगली झालेली गोळी फिकट पिवळसर पांढरी, सायीच्या रंगाची दिसते.

पायरी ५: हवा

आता मुद्द्यावर येऊ. फर्नेसमधली हवा मोजायची ती ऑक्सिजनच्या आंशिक दाबानं. साधी हवा म्हणजे ०.२१ ॲटमॉस्फिअर. सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन १. नायट्रोजन म्हणजे शून्य नव्हे. त्यात दहा लाखांत दहा भाग जरी ऑक्सिजन असला तरी झाला उणे पाच. आणि जोडणी गळकी असली तर त्याहून बराच जास्त.

नायट्रोजनबद्दल आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. नायट्रोजनला स्वतःचं मत नसतं. गोळीनं थोडा ऑक्सिजन सोडला, नळीत कुठून हवा शिरली, की आकडा लगेच हलतो. हायड्रोजन आणि वाफेचं मिश्रण मात्र खमकं असतं. जास्तीचा ऑक्सिजन आला तर हायड्रोजन त्याचं पाणी करतो, कमी पडला तर वाफ फुटून थोडा ऑक्सिजन देते. म्हणून खोल क्षपण करायचं असेल, म्हणजे पदार्थातला ऑक्सिजन भरपूर काढायचा असेल, तर तेच वापरतात: नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन असलेला तयार सिलिंडर, आणि वाटेत पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे.

या बाटलीकडे लक्ष द्या. पुस्तकं सरळ लिहून मोकळी होतात की बबलरमधून गेलेल्या वायूत ३ टक्के वाफ असते. ते २५ अंशांच्या खोलीतलं गणित आहे. मे महिन्यात आमच्या खोलीत पारा ४५ ला टेकतो आणि कूलरनं काही होत नाही. ४५ अंशांच्या पाण्यातून गेलेल्या वायूत साधारण साडेनऊ टक्के वाफ चढते. १००० अंशांच्या भट्टीत याचा अर्थ असा: जानेवारीत जो वायू उणे पंधराच्या जवळ होता, तोच मे महिन्यात उणे चौदावर येतो. दहापट फरक! आणि लँथॅनम मँगनाइट उणे पंधराच्याच आसपास मोडतो. थंडीत मोडलेली गोळी उन्हाळ्यात टिकली तर पदार्थ सुधारला असं समजू नका. बबलर पाण्याच्या टबात ठेवा, टबात थर्मामीटर सोडा, गरज पडली तर बर्फ घाला, आणि तो आकडा वहीत लिहा.

हाच वायू ७०० अंशांवर नेला तर दाब उणे एकवीसच्या आसपास जातो. म्हणजे गॅस बदलला नाही, नुसता ताप उतरवला, तरी वातावरण बदललं. म्हणून नुसतं "फॉर्मिंग गॅस" (या नायट्रोजन-हायड्रोजन मिश्रणाचं बाजारी नाव) एवढं लिहूनही भागत नाही. ताप, हायड्रोजनचा टक्का आणि बबलरचं तापमान, तिन्ही हवेत.

खात्री करायची असेल तर झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर नळीत सोडा. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला तुमचा वायू, आणि मधल्या व्होल्टेजवरून दाब काढायचा. १००० अंशांवर उणे पंधराला सुमारे ०.९० व्होल्ट दिसतो, आणि दाबात दहापट फरक पडला की ६३ मिलिव्होल्ट सरकतो. महाग वाटलं तर दुचाकी दुरुस्त करणाऱ्याला विचारा. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरवर बसवतात तो सेन्सर त्याच कुळातला आहे.

हे सगळं नळीच्या फर्नेसमध्ये करायचं, मफलमध्ये, म्हणजे दाराच्या पेटीसारख्या फर्नेसमध्ये, कधीच नाही. मफलला फटी असतात, आणि हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. क्वार्ट्झची नळी ११०० पर्यंत, त्यावर ॲल्युमिनाची. गॅस सुरू करण्याआधी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. आधी नायट्रोजन सोडून नळीतली हवा घालवा, मगच हायड्रोजनचं मिश्रण. शेवटीही तसंच. बाहेर पडणारा वायू रबरी नळीनं खिडकीबाहेर सोडा. कार्बन मोनॉक्साइडची मिश्रणंही वापरतात, पण त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. डिटेक्टर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ६: लाइट जाणार आहे हे धरून चाला

पुण्या-मुंबईच्या कोणी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत ही पायरी नसते. आमच्याकडे हीच मोठी.

वीज गेली की फर्नेस स्वतःच्या गतीनं थंड व्हायला लागते. सुरुवातीला भराभर. ॲल्युमिनाच्या नळीला मिनिटाला तीन ते पाच अंशांपेक्षा जास्त बदल सोसत नाही, ती तडकते. पण त्याहून वाईट गोष्ट गॅसची. प्रवाह मोजणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर वीज जाताच त्याचा व्हॉल्व्ह सहसा बंद होतो. गॅस थांबला. नळीतला गरम वायू थंड होताना आकसतो आणि बाहेरून जे मिळेल ते ओढतो. बाहेर पडणाऱ्या टोकाला पाण्याची बाटली असेल तर पाणी ओढतो.

माझी एक नळी अशीच गेली. संध्याकाळी सहाला लाइट गेली, मी घरी होतो. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी म्हणाला, "सर, बाटली त रिकामी आहे ना जी." पाणी उलटं चढून ९०० अंशांच्या नळीत शिरलं होतं. नळीचे तीन तुकडे, आणि त्यात मँगनाइटची गोळी चिखलासारखी बसलेली.

त्यामुळे आमच्याकडे आता गॅसचा प्रवाह दाखवणारा काचेचा साधा रोटामीटर आहे. त्याला वीज लागत नाही, सिलिंडर चालू तर गॅस चालू. फर्नेसच्या नळीच्या दोन्ही अंगांना, नळी आणि पाण्याची बाटली यांच्या मधे, एकेक रिकामी बाटली जोडलेली असते, म्हणजे पाणी उलटं आलंच तर तिच्यात पडेल. इन्व्हर्टरवर फर्नेस चालत नाही, पण तापमानाचा नोंदक चालतो. वीज किती वाजता गेली आणि तेव्हा भट्टी किती अंशांवर होती हे नंतर कळलं पाहिजे, नाहीतर तो नमुना फेकून द्यायचा. आणि लांब सिंटरिंग रात्री अकरानंतर सुरू करा. शेतीच्या पंपांचं वेळापत्रक माहीत असेल तर आणखी बरं.

पायरी ७: थंड करताना काय होतं

नव्या माणसाला वाटतं, सहा तास संपले, काम झालं. खरं तर हातात येणारी गोळी सहा तासांपेक्षा थंड होण्याच्या तासांबद्दल जास्त बोलते.

सायीच्या रंगाची बेरियम टायटनेटची गोळी ओल्या हायड्रोजनमध्ये १२०० अंशांवर ठेवून त्याच वायूत थंड केली, तर निळसर काळी निघते. मल्टिमीटरचे टोचे लावा: आधी स्क्रीनवर काहीच यायचं नाही, आता किलोओममध्ये आकडा येतो. इन्सुलेटरचा अर्धवाहक झाला. तीच गोळी १२०० वर असतानाच वायू बदलून हवा सोडली आणि मग थंड केली, तर ती पुन्हा फिकट होते, निदान वरून. दोन्ही वेळा वहीत "१२०० अंश, हायड्रोजन, ४ तास" हेच लिहिलेलं असणार.

वायू बदलायचा तर सावकाश बदला. ऑक्सिजन गेलेली जाळी फुगलेली असते. एकदम हवा आत सोडली की वरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि गोळीला भेगा पडतात. टायटनेट हे बरंचसं सहन करतं. कोबाल्ट असलेले पदार्थ अजिबात करत नाहीत. आधी नायट्रोजन, मग थोडी हवा मिसळलेला नायट्रोजन, मग हवा.

याच थंड करण्यावर मोठे धंदे उभे आहेत. मोबाइलमध्ये शेकडो बारीक सिरॅमिक कपॅसिटर असतात, बेरियम टायटनेटचे पातळ थर आणि मधे निकेलचे. हवेत भाजले तर निकेल गंजेल, म्हणून ऑक्सिजन इतका कमी ठेवून भाजतात की निकेल निकेलच राहतं. पण तेवढ्यात टायटनेट अर्धवाहक होईल, मग कपॅसिटर कसला? त्यावर उपाय म्हणून टायटनेटमध्ये चिमूटभर मँगनीज, मॅग्नेशियम अशी द्रव्यं घालतात, ती मोकळे इलेक्ट्रॉन बांधून ठेवतात. आणि शेवटी कमी तापावर, किंचित जास्त ऑक्सिजनमध्ये पुन्हा एकदा शेकतात, रिकाम्या जागा भरून निघाव्यात म्हणून. उलट बाजूला पीटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापला की रोध वाढणारा घटक. त्यात लँथॅनमसारखी भर घातलेलं बेरियम टायटनेट हवेत भाजून हवेतच सावकाश थंड करतात. ऑक्सिजन कणांच्या सीमांवरून आत शिरतो, सीमा रोधक होतात, पोट वाहक राहतं, आणि १२० अंशांच्या आसपास रोध एकदम हजारो पटींनी चढतो. हीच गोळी हायड्रोजनमध्ये थंड केली तर तो चढ नाहीसा होतो.

पायरी ८: गोळीला विचारा

आधी वजन, मग रंग, मग मल्टिमीटर, आणि सगळ्यात शेवटी नागपूरचा एक्सआरडी. हा क्रम पैशांचा आहे आणि अकलेचाही.

रंग टायटनेटपुरताच उपयोगी. मँगनाइट, कोबाल्टाइट हवेत भाजले तरी काळे आणि हायड्रोजनमधून काढले तरी काळपटच. "सर, हे त काळीच निघाली ना जी," म्हणून एका पोरीनं प्रयोग फसल्याचं जाहीर केलं होतं. काळीच निघायची होती. तिथे वजनच खरं. लँथॅनम कोबाल्टाइट हायड्रोजनमध्ये पार मोडून लँथॅनम ऑक्साइड आणि कोबाल्ट धातू झालं तर वजन ९.७६ टक्के घटतं. हे मुद्दामही करतात: सुरुवातीच्या नमुन्याचं वजन ९.७६ ऐवजी ९.५ टक्केच घटलं, तर त्यात आधीच ऑक्सिजन कमी होता, आणि किती कमी ते यावरून काढता येतं. मोडल्यावर तो चुंबकालाही चिकटतो. फ्रिजवरचा चुंबक चालेल.

आणि गोळी फोडा. मुलांना हे जिवावर येतं, एवढ्या मेहनतीनं केलेली. पण परत हवेत शेकलेली टायटनेटची गोळी वरून सायीसारखी आणि आतून निळसर काळी असते, अगदी त्या विटेसारखी. रंगपट्टा असा वाचायचा: काळा भाग आधीचा, फिकट भाग नंतरचा. फिकट थर किती मिलिमीटर आत गेला ते पट्टीनं मोजा. तेवढ्या तासांत ऑक्सिजन तेवढाच आत चालू शकला.

बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि पावसाळा

ऑक्सिजनच्या नादात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ विसरली जाते. बेरियम सिरेट हे ओल्या हवेत प्रोटॉन वाहून नेणारं नामी पेरोव्स्काइट आहे. वाफेचा रेणू ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेत शिरतो आणि दोन हायड्रॉक्सिल करून बसतो. पण गरम असताना कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं बेरियम कार्बोनेट आणि सिरियम ऑक्साइड होतं, घर मोडलं. बेरियम झिर्कोनेट यापुढे बराच टिकतो, मात्र तो घट्ट सिंटर व्हायला १६०० च्या वर ताप लागतो, जो आमच्या फर्नेसला झेपत नाही. स्ट्रॉन्शियम आणि कोबाल्ट-लोहाच्या पदार्थांच्या पृष्ठभागावरही स्ट्रॉन्शियम वर येऊन कार्बोनेट होतं. ते एक्सआरडीत चटकन दिसत नाही, पण पृष्ठभागावरून ऑक्सिजन आत घेण्याचं काम मंदावतं.

त्यामुळे सिरेटच्या गोळ्या झाकणाच्या डबीत, डबी झिपच्या पिशवीत, पिशवी डेसिकेटरमध्ये. जूनमध्ये उघड्यावर राहिलेली गोळी पोळ्यापर्यंत बोटानं चुरडेल अशी होऊ शकते.

प्रत्येक डबीवर पेन्सिलनं (शाई ॲसिटोननं जाते) या गोष्टी लिहा: पदार्थ, तारीख, ताप, वेळ, वायू, बबलरचं तापमान, थंड करतानाचा वायू, थंड करण्याची गती. आमच्या कपाटात एक डबी आहे, तिच्यावर माझ्याच अक्षरात फक्त "११०० अंश, ६ तास" लिहिलंय. आत एक काळी गोळी आहे. ती कसली आहे ते मला अजून कळलेलं नाही.